मुठीतली चावी

मला पहिल्यांदा फिट आली तेव्हा लोकांनी माझ्याच ट्रकची चावी माझ्या मुठीत कोंबली. लोखंड हातात दिलं की फेफरं उतरतं, अशी आमच्याकडे समजूत. चहाच्या टपरीपुढे मी लाल धुळीत तडफडत होतो आणि चारजण माझी मूठ आवळून बसले होते. शुद्धीवर आलो तेव्हा जीभ फाटली होती आणि तळहातावर चावीचे दात उमटले होते. त्याच मुठीतून मुकादमाने चावी काढून घेतली.

साठ सालानंतरची ही गोष्ट. मी खाणीवरून रेडी बंदराच्या धक्क्यावर लोहखनिज वाहायचो. काम सुटलं की कामगारांसाठी पत्रकं लिहायचो. भाषा अशी, की वाचणाऱ्याच्या बोटांना चटका बसावा.

सावंतवाडीच्या डॉक्टरांची भाषा माझ्याहून कडक निघाली. रोज संध्याकाळी एक पांढरी गोळी, एक दिवसही चुकवायची नाही. “दोन वर्षं फिट आली नाही तर गाडीचं बघू. तोवर स्टेअरिंगला हात लावलास तर मी तुला खुनी समजेन.” मी निघताना त्यांनी विचारलं, फिट येण्याआधी काही जाणवलं का? जाणवलं होतं. खोबरं करपल्याचा वास आला होता. “तो वास विसरू नकोस,” ते म्हणाले.

मी पत्रक काढलं. फेफरं हा मेंदूचा आजार आहे, बाहेरची बाधा नाही! चप्पल हुंगवू नका, चावी कोंबू नका, माणसाला कुशीवर वळवा! टपरीच्या कुडावर ते मीच चिकटवलं. दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्यांना ग्रीस भरलं आणि रोज गोळी खाल्ली. फिट आली नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. ते घेऊन मुकादमाकडे गेलो.

त्याने कागद उलटासुलटा केला. “कागद कसलो दाखवतंस, मेल्या? कागद तर तूय छापतंस! देवाचो कौल घेवन ये, मगे चावी.”

“व्हय म्हाराजा!” मागे बसलेले ड्रायव्हर देवळातल्या गाऱ्हाण्याच्या सुरात ओरडले आणि खो खो हसले.

यावर खरं तर पत्रक निघायला हवं होतं. मी काय केलं? घरी जाऊन आईला म्हटलं, “कौल लावया.” ती दोन वर्षं याचीच वाट बघत होती. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. “लेकराची पीडा गेली असात तर उजवी दी, म्हाराजा.” उजवी पाकळी पडली. आई रडली. मी हात जोडून उभा होतो आणि माझ्या डोक्यात फक्त चावी होती. बाधा नाही म्हणून छापणारा तो मीच.

चावी मिळाली. पण पीडा देवाने नेली म्हणून मिळाली होती. हे लक्षात यायला एक संध्याकाळ पुरली. धक्क्यावरच्या शेडमध्ये आम्ही सगळे ड्रायव्हर मुक्कामाला असायचो. जेवण झाल्यावर मी खिशातून गोळ्यांची पुडी काढली. शेजारच्या चटईवरचा म्हातारा ड्रायव्हर टक लावून बघत होता.

“ह्या काय रे? देव पुरो पडूक नाय तुका?”

“सर्दीचा औषध,” मी म्हटलं आणि पुडी परत खिशात घातली. मागाहून बाहेर जाऊन घेऊ, असं मनाशी म्हणालो आणि झोपून गेलो.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. औषध चुकावं आणि काहीच होऊ नये, यासारखी दगाबाज गोष्ट नाही. तिसऱ्या दिवशीही काही झालं नाही. मग रविवारी घरी गेलो की गोळी, शेडमध्ये नाही, असं ठरूनच गेलं.

तीन आठवडे झाले असतील. सकाळी भरलेला ट्रक घेऊन धक्क्याचा उतार उतरत होतो. पुढे डाव्या अंगाने बार्जमध्ये, त्या सपाट होड्यांत, खनिज भरायला निघालेल्या बायकांची रांग, डोक्यावर रिकामी घमेली. दोघीतिघी वळून हसल्या. आणि खोबरं करपलं.

तिथे घर नव्हतं. चूल नव्हती.

ब्रेक दाबला. उजवीकडे डोंगराची भिंत होती, तिच्यात ट्रकचं नाक घुसवलं. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. फिटनंतर माणूस भ्रमात उठतो, गाडी पुन्हा सुरू करील, एवढं कसंबसं सुचलं. चावी उपटून खिडकीतून करवंदीच्या जाळीत भिरकावली. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा बायका लांब उभ्या होत्या. दोन माणसं जाळीत चावी शोधत होती. माझ्या मुठीत कोंबायला. मुकादमाच्या हातात माझ्या खिशातली पुडी होती.

“बघा! देवान कौल दिल्लो, तरी हो चोरून गोळये खाता. मगे देव कोपात नाय तर काय?”

पुडी जवळजवळ भरलेली होती. ती रिकामी असायला हवी होती. हे त्या उतारावर माझ्याशिवाय कोणालाच दिसत नव्हतं.

“गोळये खावक नाय म्हणान पडलंय,” मी म्हटलं. जीभ सुजली होती. शब्द लोळागोळा होऊन आले. परत म्हटलं. चावी सापडली, मुकादमाने ती दुसऱ्याच्या हातात दिली आणि ट्रक रांगेच्या बाजूने खाली गेला.

त्या संध्याकाळी शेडच्या मधोमध उभा राहून, सगळ्यांच्या देखत मी गोळी खाल्ली. म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. आईला अजून सगळं सांगितलेलं नाही. ती विचारते, देवाचा काय चुकला रे? माझं चुकलं, हे तिला पटत नाही.

दोन वर्षं पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतो आहे. शेजारी कोणी खोबरं भाजायला घेतलं की मी हातातलं काम टाकून उठतो आणि चूल खरंच पेटलेली आहे ना, ते बघून येतो.