निंगव्वाच्या छातीतील सावली

कुंभारी गावची निंगव्वा सोलापुरात नव्या पेठेच्या तोंडाशी बसून शेंगाचटणी विकत असे. चटणी ती स्वतः उखळात कांडी आणि तिखटाच्या बाबतीत कुणाचे ऐकत नसे. एका उन्हाळ्यात तिला खोकला लागला, तो काही केल्या हटेना. त्याच सुमारास तिची मुलगी गंगम्मा बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि तिला मुलगा झाला होता. निंगव्वाचा थोरला दीर क्षयाने गेला होता. त्यामुळे खोकल्याचा निकाल लागेपर्यंत नातवाला हात लावायचा नाही, असे तिने मनाशी ठरवले. ती उंबऱ्याच्या अलीकडूनच झोळीकडे पाहत असे.

मुलगा शिवयोगी तिला पेठेमागच्या एका खासगी दवाखान्यात घेऊन गेला. तेथे छातीचा फोटो काढणारे गैबीसाब म्हणाले, "अम्मा, दागिने उतरवा." निंगव्वाने बोरमाळ आणि कानांतील फुले काढून रुमालात बांधली. फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी निंगव्वाला बाहेर बसवले व शिवयोगीला आत बोलावले. बाहेर येताना त्याचा चेहरा उतरला होता.

"काय म्हनले रे?"

"काय न्हाई, अव्वा. उद्या परत फोटो काढायचाय."

"काय न्हाई, तर परत कशाला?"

"डाक्टर म्हनले म्हनून."

घरी आल्यावर निंगव्वाच्या डोक्यात भुंगा शिरला. जेवताना तिचे ताट व तांब्या वेगळे मांडलेले दिसले. गंगम्मा बाळाला घेऊन पाठमोरी बसली. एरवी हीच मुलगी आईशी दिवसातून दहा वेळा भांडत असे. आता ती म्हणाली, "अव्वा, तू बस की. मी करते."

"गंगे, तू मला काम सांगंनास, तवाच कळलं, माजं काय तरी बिघडलंय."

रोग आहे म्हणावे तर सारे 'काय न्हाई' म्हणतात. नाही म्हणावे तर ताट वेगळे. यांतले खरे कोणते, हे तिला उमगेना.

सकाळी शिवयोगीबरोबर दवाखान्यात येताच तिने गैबीसाबांनाच गाठले. "खरं सांगा, मी मरनार हाय का?"

"या अल्ला! अम्मा, मी फोटो काढनारा. आतलं मला काय कळतंय?"

इतक्यात तिला खोकल्याची उबळ आली आणि पदर सरकला. गळ्यातल्या दोऱ्याला चांदीची डबी लटकत होती.

"ह्ये काय? समदं उतरवा म्हनलो होतो की!"

"तुमी दागिने म्हनला. ह्यो दागिना हाय व्हय? ह्यो माजा देव हाय!"

डबीत तिचे इष्टलिंग होते. लिंगायत माणूस ते जिवात जीव असेपर्यंत देहावेगळे करत नाही. गैबीसाबांनी कपाळावर हात मारून घेतला. "म्या सोलापूरचा असून इचारलं न्हाई!" पण डबी बाजूला ठेवायला निंगव्वा तयार होईना. शेवटी तिनेच तोड काढली. पूजेच्या वेळी धरतात तशी डबी तिने डाव्या तळहातावर घेतली आणि तो हात छातीपासून लांब धरला. देव अंगाला लागून राहिला व फोटोही निघाला.

मायलेक दोघेही आत गेले. नवा फोटो पाहून डॉक्टर हसले. "काही नाही, आजी. जा खुशाल."

निंगव्वा जागची हलली नाही. "कालबी समदी काय न्हाईच म्हनली हुती. त्या काय न्हाईनं माजं ताट येगळं झालं. आजचं काय न्हाई खरं, ह्ये मी कसं वळखू?"

डॉक्टरांचे हसू मावळले. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि दोन्ही फोटो खिडकीला लावले. "ह्या तुमच्या बरगड्या. पहिल्या फोटोत हा गोल दिसतो ना, ती तुमची डबी. मला तो क्षयाचा गोळा वाटला. खात्री नव्हती, तरी मी मुलाला सांगितलं आणि तुम्हाला सांगू नको म्हणालो. ते चुकलं. खात्री नाही, हेसुद्धा मी तुम्हालाच सांगायला हवं होतं."

"मग खोकला?"

"मिरचीच्या खकाण्याचा वाटतो. कांडताना नाकातोंडाला पदर बांधा. पंधरवड्यात थांबला नाही तर परत या, आपण थुंकी तपासू. आता काय समजलं, ते मला सांगा बरं."

निंगव्वाने पाठ म्हणावा तसे सांगितले, "फोटोत क्षय न्हाई. तोंडाला पदर. खोकला न्हाई थांबला, तर परत यायचं." मग तिचा आवाज बारीक झाला. "आन् नातवाला घ्यायचं?"

"घ्यायचं."

घरी आल्यावर तिने शिवयोगीला उंबऱ्यात उभे केले आणि डॉक्टर काय म्हणाले ते सर्वांसमक्ष बोलायला लावले. मधेच तो अडखळला, तेव्हा तिने त्याला पहिल्यापासून सांगायला लावले. ऐकून गंगम्मा रडू लागली आणि रडतारडताच तिने बाळ आईच्या हातांत दिले.

अनोळखी हात लागताच बाळाने टाहो फोडला. निंगव्वा क्षणभर गोंधळली. मग तिने त्याला छातीशी घट्ट धरले.

"रड बाबा, रड. मी कोन, ह्ये तुला तरी कुनी सांगितलंय?"