दामूकाकांची चार उत्तरं

जुनी मशिनं सांभाळणाऱ्यांकडे किस्से आपोआप साठतात. नवीन मशीन बिघडलं की कंपनीचा माणूस येतो, पार्ट बदलतो, विषय संपतो. जुनं बिघडलं की गर्दी जमते, आणि गर्दीतला प्रत्येक जण काहीतरी बोलतो!

बोईसरच्या एमआयडीसीत आमचा रंगांचा कारखाना. तिथला जुना टेंपरेचर रेकॉर्डर सिरियल केबलने कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरला आकडे पाठवतो. आकडे नाहीत तर बॅच पास नाही. कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला की जुना प्रोग्राम केबलच्या लिंकच्या सेटिंगचे चार प्रश्न विचारतो: बॉड रेट, पॅरिटी, डेटा बिट, स्टॉप बिट. उत्तरं फक्त आमच्या सर्वात जुन्या फिटरला माहीत, दांडी गावच्या दामूकाकांना. ती टाइप करताना ते सगळ्यांना बाहेर काढायचे. "जा, च्या पिऊन या!"

*

एकदा काका लग्नाला गेले आणि इकडे लाइट गेली. म्हटलं, आपणच बघू. एक उत्तर चुकलं की कॉम्प्युटर पुन्हा चालू करायचा, दहा मिनिटं गेलीच. दुपारभर जोड्या लावल्या. स्क्रीनवर नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं. ऑपरेटर मिश्रा मागून शांतपणे म्हणाला, "साहब, रहने दो। अब ये गाली दे रहा है!"

*

हा मिश्रा भाविक. खंडेनवमीला त्याने रेकॉर्डरची पूजा केली. हार घातला, नारळ फोडला, आणि हळदकुंकू नेमकं सिरियल पोर्टच्या नऊ पिनांवर वाहिलं! लिंक बंद. काका टूथब्रश घेऊन तासभर पिना घासत बसले. मिश्राला एवढंच म्हणाले, "पुढल्या वर्साला तू लांबूनच हात जोड."

*

मग नवीन कॉम्प्युटर आला. त्याला सिरियल पोर्टच नव्हता! बसवायला आलेल्या इंजिनियरने डबा तीनदा फिरवून पाहिला. शेवटी यूएसबीचा कन्व्हर्टर आणला. तोही एकाच भोकात चालायचा, दुसऱ्यात घातला की पोर्टचा नंबर बदलायचा आणि लिंक तुटायची. काकांनी दुसऱ्या दिवशी मुलीचं नेलपॉलिश आणून ते भोक लाल रंगवलं. इंजिनियर म्हणाला, "हे मॅन्युअलमध्ये नाही."

काका म्हणाले, "मंग लिवून घ्या!"

*

काकांची ही मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. काकांचं रिटायरमेंटचं वय उलटलं होतं, सहा-सहा महिन्यांनी मुदत वाढायची ती या चार उत्तरांमुळेच. ती लपवतात म्हणून मला आधी त्यांचा राग यायचा. मुलीचं कळल्यावर मी विचारणं सोडलं.

नव्या साहेबांनी मात्र स्पष्ट सांगितलं, "सेटिंग वहीत लिहा. यापुढे मुदत नाही."

"लिवतो ना साहेब," काका म्हणाले.

आठवड्याने काका घरी असताना लिंक तुटली. साहेब वही घेऊन स्वतः बसले. पानावर दहा आकडे होते. त्यांनी ते बॉड रेटमध्ये टाकले. मशीनने नाकारले. आकडे उलटे टाकून पाहिले, तोडून पाहिले. पाऊण तासाने मिश्रा हळूच म्हणाला, "साहब, ये तो काका का मोबाइल नंबर है!"

साहेबांनी मुकाट्याने फोन लावला. मुदतही वाढली.

*

गेल्या महिन्यात मुलगी पास झाली आणि पालघरला एका हॉस्पिटलात लागलीसुद्धा. दुसऱ्याच दिवशी काका आले, एका हातात पेढ्यांचा बॉक्स, दुसऱ्या हातात राजीनामा. साहेबांचा चेहरा पडला.

"काका, आता तरी सेटिंग सांगा!"

"त्यात सांगायचं काय? रेकॉर्डरचं झाकन उगडा."

ते झाकण काकांशिवाय कुणी कधी उघडलं नव्हतं. साहेबांनी स्वतः चार स्क्रू काढले. झाकणाच्या आतल्या बाजूला, बनवणाऱ्या कंपनीचा स्टिकर होता. चारही उत्तरं त्यावर ठळक अक्षरांत छापलेली.

काकांनी बॉक्स पुढे केला. "घ्या साहेब."

साहेबांनी दोन पेढे घेतले.