सुधाकरने बसवलेला फिल्टर

सुधाकर गेल्याची बातमी मला भिंतीवरून कळली. सिंदी मेघेत आमची दोघांची घरं लागून आहेत, मध्ये कमरेएवढी भिंत. रोज सकाळी मी पेपर उघडला की तिकडून "जयभीम मास्तर" यायचं, मी "जयभीम" म्हणायचो आणि मग आम्ही कशावरून तरी भांडायला लागायचो. त्या दिवशी मात्र पुष्पावहिनींचा आवाज आला, "भाऊजी, लवकर या, हे उठून नाई राह्यले..." मी अनवाणीच भिंत ओलांडली. सत्तरीला आलेल्या माणसाने ओलांडू नये तशी ओलांडली. पण सुधाकर झोपेतच निघून गेला होता. कुठल्याही कामाला 'पंधरा मिनिटं' म्हणून चार तास लावणाऱ्या या माणसाने हे एकच काम असं न सांगता उरकलं. लोक जमले, रडारड झाली, मीही रडलो. पण मला आत जे टोचत होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्याआधीचे तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. अबोला मी धरला होता, आणि तोही गाडीच्या एसीच्या फिल्टरवरून.

सुधाकर तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाला. मी देवळीच्या शाळेत मराठी शिकवायचो. तो निवृत्त झाला तरी कचेरी काही त्याच्यातून निवृत्त झाली नाही. दूधवाल्यालाही तो "अर्ज द्या" म्हणायचा. दुसरी त्याची खोड म्हणजे नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं नाही. त्याच्या गाडीच्या सीटांवरचं प्लास्टिक सहा वर्षं तसंच होतं, उन्हाळ्यात आम्ही त्यावर अक्षरशः चिकटायचो. टीव्हीचा रिमोट पिशवीत, सोफा कव्हरात, फ्रिजचं हँडल गुंडाळलेलं. "फाटन तवा फाटन, आपण काऊन काढाचं?" हे त्याचं तत्त्वज्ञान. आणि तिसरी खोड म्हणजे मोबाइलवर एखादा व्हिडिओ पाहिला की त्याला ते काम येऊ लागायचं. आमचा मिक्सर त्याने दुरुस्त केला तेव्हापासून तो फक्त उलटा धरला की चालतो.

माझी बायको शोभा, तिचं माहेर हिंगणघाटचं. तिची आई अजून तिथेच असते, जिनिंगच्या मागच्या गल्लीत. हंगामात तिथे कापसाचे तंतू उडत असतात, आणि शोभाला दमा. महिन्यातून एकदा तरी आम्ही जातो. काचा बंद करून, एसी लावून. पाच-सहा वर्षांपूर्वी एकदा आमच्या गाडीच्या एसीतून कोंदट वास यायला लागला तेव्हा सुधाकरने गाडीत डोकं घालून निदान केलं, "फिल्टर भरला हाय. शोरूमले कायले जाता? पंधरा मिनटाचं काम हाय, घरीच करून टाकू." डॅशबोर्डातला सामानाचा कप्पा रिकामा करायचा, त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो, मागे एक अरुंद झाकण असतं, ते काढलं की फिल्टर ओढून बाहेर. खरोखरच सोपं काम. पण सुधाकरने कप्प्याला हात लावण्याआधी घरून कागद आणि पेन आणलं आणि पंचनामा लिहायला बसला.

थट्टा नव्हे, रीतसर पंचनामा. "दुसऱ्याच्या गाडीतलं सामान काढाचं म्हणजे जबाबदारी असते मास्तर. उद्या तुमी म्हणसान माह्या गाडीतली अंगठी गेली." मी म्हटलं, "अरे, माझ्याकडे अंगठीच नाही." "मंग तेच लिवतो." आणि त्याने खरंच 'अंगठी आढळून आली नाही' असं लिहिलं. कंगवा एक, दात तुटलेला. खोकल्याच्या गोळ्या सात. मुदत संपलेला विम्याचा कागद. मग जुन्या फिल्टरचं वर्णन: कापसाचे तंतू, सरकी एक, मृत गांधीलमाशी एक. शेवटी पंचांच्या सह्या. पंच क्रमांक एक मी, पंच क्रमांक दोन शोभा. तोवर चहा निवलेला, ऊन डोक्यावर आलेलं, माझा चष्मा घरात. तो दाखवेल तिथे सही करून मी मोकळा व्हायचो. पुढे दरवर्षी होळीच्या आसपास हा सोहळा होऊ लागला. सगळे पंचनामे टाचणी लावून त्याच कप्प्यात, गाडीच्या कागदांखाली.

गेल्या वर्षीच्या सोहळ्यानंतर मात्र काहीतरी बिघडलं. पंखा पूर्ण सोडला तरी हवा येईना. जाळीशी हात धरला तर एखादी झुळूक लागायची, बस. सुधाकर म्हणाला, गॅस कमी झाला. गाडी मिस्त्रीकडे नेली तेव्हा तो सोबत आला. मिस्त्री बिचारा आधी फिल्टर पाहू म्हणाला, तर सुधाकर आडवा उभा राहिला. "फिल्टर पाहाचं कामच नाई. मी सोता बदलला हाय." मिस्त्रीने गॅस भरून दिला. हवा होती तशीच. वर्षभर आम्ही हिंगणघाटला काचा उघड्या ठेवून गेलो, आणि प्रत्येक वेळी परतताना शोभाच्या छातीत घुरघुर. जानेवारीत तर तिला दोन रात्री बसून काढाव्या लागल्या. म्हणून यंदा सुधाकर नवा फिल्टर काखेत मारून "पंधरा मिनटाचं काम" म्हणत आला, तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "राहू दे. तुझ्या हातची कामं पुरे झाली. मी नागपूरला दाखवतो." तो नेहमीसारखा भांडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त "बरं" म्हणाला आणि भिंत ओलांडून न जाता फाटकातून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला नाही. मीही दिला नाही. म्हटलं, पाहू आधी कोण बोलतं ते. किती मूर्ख असतो माणूस!

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. दोनेक आठवड्यांनी पुष्पावहिनींनी भिंतीवर एक खोका ठेवला. "भाऊजी, हे तुमच्या गाडीचं हाय. त्यायनं कपाटावर ठेवलतं. मी म्हटलं, वापस करून या. तं म्हणे, राहू दे, मास्तरचा राग चार दिवसाचा असते, उतरला का लावून देतो." चार दिवसांचा. त्याचा हिशोब बरोबर होता, मला चौथा दिवस मिळाला नाही. मी खोका आत नेऊन तसाच कपाटावर ठेवून दिला.

नागपूरला जायचा विषय मग मी काढलाच नाही. एका रविवारी सकाळी स्वतःच गाडीशी बसलो. कप्प्याच्या बाजू दाबताना अंगठा सोलला, झाकण उघडायला अर्धा तास गेला. शेवटी फिल्टर ओढला तर तो हातात सुळ्ळकन आला, आणि सळसळला. फिल्टर कधी सळसळत नाही. उजेडात धरून पाहिला. तो होता तसा, दुकानातून आणलेला, प्लास्टिकच्या पिशवीत पॅक. आधीचे फिल्टर नुसत्या खोक्यात यायचे, पिशवीतला हा पहिलाच. पिशवीवर वर्षभराची धूळ, हिंगणघाटचा कापूस, आणि आत शुभ्र, कोराकरकरीत फिल्टर.

मी ओरडलोच. "शोभा! पाहा, मी सांगत होतो की नाही!" शोभा बाहेर आली, तिने पाहिलं आणि ती पायरीवर बसून हसायला लागली. आवाज ऐकून पुष्पावहिनी भिंतीशी आल्या. मी पिशवी त्यांना दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. मग पदर तोंडाला लावत म्हणाल्या, "नवीन फिल्टरले धूळ नको लागाले, असं वाटलं असन त्यायले," आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. इतक्या आठवड्यांत त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मी मात्र हातात पुरावा घेऊन उभा होतो. तीस वर्षांच्या भांडणांत पहिल्यांदा मी धडधडीत बरोबर निघालो होतो, आणि ज्याला ऐकवायचं तोच नव्हता.

पण सुधाकर असा हरणारा नव्हता. कप्प्यातले कागद परत ठेवताना गेल्या वर्षीचा पंचनामा हाती लागला. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. त्याच्या त्या ठसठशीत कचेरी अक्षरात लिहिलं होतं: 'सदर नवीन फिल्टर, कंपनीच्या मूळ प्लास्टिक वेष्टनासह, सीलबंद स्थितीत, पंचांसमक्ष बसविण्यात आला. पंचनामा वाचून पाहिला, बरोबर आहे.' खाली पंच क्रमांक एक म्हणून माझी झोकदार सही. जन्मभर पोरांना 'आधी प्रश्न नीट वाचा' म्हणून बजावणाऱ्या माणसाची. म्हणजे चूक त्याने लपवली नव्हती, लिहून दिली होती. शोभाची घुरघुर मी सही करून मंजूर केली होती, आणि वर त्यालाच बोललो होतो. मी त्या कागदाकडे पाहून मोठ्याने म्हटलं, "चुकलो रे, सुधाकर."

त्याचाच फिल्टर मी पिशवीतून काढून परत बसवला. वर्षभर गाडीत राहूनही तो एक दिवस वापरलेला नव्हता. त्याने आणलेला दुसरा खोका आमच्या कपाटावर आहे, पुढच्या होळीसाठी. दोघींना बसवून गाडी सुरू केली तर हवेचा असा झोत आला की पुढे बसलेल्या पुष्पावहिनींचा पदर उडाला. "बाप्पा, किती गार हाय!" त्या म्हणाल्या. मागे शोभाने डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग मी घरातून कोरा कागद आणला आणि बॉनेटवर ठेवून, त्याला आवडलं असतं तसं लिहिलं: 'सदर फिल्टर सुधाकर यांनीच बसविलेला असून उत्तम स्थितीत आढळून आला. वेष्टन तेवढे काढले. अंगठी आढळून आली नाही.' पुष्पावहिनींनी सही केली, शोभाने केली. पंच क्रमांक एकसमोर मी पेन टेकवलं, थांबलो, चष्मा पुसला, आणि सगळं पहिल्यापासून दोनदा वाचून मगच सही केली.