दुखण्याला दिलेला आकडा

गणपतीच्या आरतीनंतर मी नमस्काराला वाकले आणि वर आलेच नाही. कंबरेतून निघालेली कळ डाव्या मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत गेली आणि तिथेच ठाण मांडून बसली. माझ्यामागे नमस्काराच्या रांगेत पंधरा माणसं. पहिलं मिनिटभर सगळ्यांना वाटलं, काय ही भक्ती. एक आजी तर सुनेला म्हणाल्या, "बघ, नमस्कार असा करावा." शेवटी एका मैत्रिणीने काखेत हात घालून मला उभं केलं.

हा किस्सा मी इथे ॲरिझोनात, चँडलरमधल्या बहुतेक मराठी घरांत सांगितला आहे, आजींच्या आवाजासकट. लोक हसतात, मीही हसते, आणि पुढे काय झालं ते कोणी विचारत नाही. कोणी विचारू नये अशाच बेताने मी तो सांगते, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे असं झालं की गोळ्या आणि व्यायाम यांत दोन वर्षं घालवून मी दुखण्याच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी समजावलं, मणक्याच्या सांध्यांचं दुखणं वर मेंदूला कळवणाऱ्या बारीक नसा असतात. सुईच्या टोकाने त्या तापवून बरेच महिने गप्प करता येतात. पण आधी चाचणी. त्याच नसांजवळ बधिर करणारं औषध सोडायचं आणि पुढचे सहा तास, दर तासाला, दुखणं किती ते कागदावर लिहायचं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. मोठा फरक दिसला तरच पुढचा उपचार.

फॉर्मवर एक रकाना होता, घरी कोण नेणार? नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली, मुलगी बॉस्टनला. या गावात मी किती जणांना एअरपोर्टवर सोडलंय, बाळंतिणींना डबे पोचवलेत. पण "मला जरा नेशील का" म्हणायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. दोन दिवसांनी आरतीवाल्या मैत्रिणीलाच फोन केला. ती नागपूरची. "हाफ डे टाकते ना यार, त्यात काय," म्हणाली, आणि मी उगीचच तिला तीनदा सॉरी म्हटलं.

चाचणीच्या दिवशी नर्सने विचारलं, "आत्ता दुखणं किती?" त्या सकाळी मोजे घालायला मला अकरा मिनिटं लागली होती. मी म्हटलं, "तीन."

मला पालथं झोपवलं. वरून कमानीसारखं एक्स-रे यंत्र आलं आणि शेजारच्या पडद्यावर माझा कणा उमटला. एकावर एक रचलेल्या डब्यांसारखा, तळाचे दोन जरा पोचे आलेले. सुईची काळी रेघ त्या डब्यांच्या कडेने आत सरकत होती. डॉक्टर पडद्याकडे बघत ती जराशी मागे घेत, पुन्हा पुढे नेत. चार वर्षांत माझ्याकडे इतक्या बारकाईने कोणी पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी पार्किंगमधून गाडीपर्यंत चालत गेले, आणि दार उघडल्यावर ध्यानात आलं की दुखलंच नाही. अजिबात नाही.

"कसं वाटतंय गं?" मैत्रिणीने विचारलं.

"बरंय."

घरी कागद काढला. शून्य लिहायला पेन टेकवलं आणि हात थबकला. शून्य म्हणजे अतीच झालं, दृष्ट लागायची. दोन लिहिलं. सहाही तास दोन.

आठवड्याने क्लिनिकमधून फोन आला. तिनाचे दोन झाले, फरक पुरेसा नाही, त्यामुळे पुढचा उपचार करता येणार नाही. पलीकडची बाई अगदी गोड होती. म्हणाली, "तुमचं दुखणं मुळात कमीच आहे, ही चांगलीच गोष्ट आहे." मी थँक यू म्हटलं. मग ओट्याला रेलून उभी राहिले. बसले असते तर उठता आलं नसतं.

मुलीला हे हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. "आई, व्हाय डिड यू से थ्री?"

तिचा बाबा होता तेव्हा मी चपला कशा सरकवते त्यावरून त्याला कळायचं. "कंबर?" तो विचारायचा. "नाही रे," मी म्हणायचे. तरी तो गरम पाण्याची पिशवी आणून द्यायचा. पंचवीस वर्षं हे चाललं. माझ्या 'नाही'वर विश्वास न ठेवणारा माणूस घरात होता, म्हणून माझं 'नाही' खपून गेलं. आता सगळे विश्वास ठेवतात.

पुन्हा अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टरांच्या मदतनीस बाईंना मी सवयीने आरतीचा किस्सा सांगायला लागले. त्या हसल्या नाहीत. टाईप करता करता म्हणाल्या, "मग उठलात कशा?" हे याआधी कोणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेले. मोजे. स्टुलावर बसून केलेल्या दोन-दोन पोळ्या. दुकानात खालच्या फळीवरचं पीठ नको असल्याचं नाटक. घरी पोचल्यावर गाडीतून उतरायच्या आधी काढलेली वीस मिनिटं.

"आणि आकडा?"

"आठ," मी म्हटलं. थाप मारत असल्यासारखे कान तापले. त्यांनी आठ लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. दुसरी चाचणी ठरली.

या वेळी कागदावर वर आठ, आणि खाली शून्य, शून्य, शून्य, एक, चार, सात. औषध उतरत गेलं तसं दुखणं नेमक्या जागी परत आलं. संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. "रीड इट टू मी," म्हणाली. मी आकडे वाचले. एरवी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी मराठीत म्हणाली, "आई, आठ म्हणजे खूप ना?"

"नाही गं" अगदी ओठांवर आलं होतं.

"हो," मी म्हटलं. "खूप."

फोन ठेवल्यावर कागदाचा फोटो काढला आणि क्लिनिकला पाठवला.

उपचाराची तारीख मिळाली आहे, तीन आठवड्यांनंतरची. घरी नेणार म्हणून मैत्रिणीचं नाव दिलंय, या वेळी एकदाच सॉरी म्हटलं. आज सकाळी पलंगाच्या कडेला बसून मोजे घालत होते. घरात कोणी नव्हतं. तरी मोठ्याने म्हटलं, "सात."