सहा तिकिटांची पट्टी

कुवेतातल्या अहमदीला आमचं क्वार्टर गल्लीच्या टोकाला होतं. पुढे कंपाउंडची तार आणि तारेपलीकडे नुसती वाळू. लग्नानंतर सात महिन्यांनी मी बोटीने तिथे गेले तेव्हा वीस वर्षांची होते आणि तोवर मिरज सोडून फारशी कुठे राहिले नव्हते. हे तेलकंपनीत टाइमकीपर होते. विहीर खोदायचं काम जिथे चालू असेल तिथे यांचा तंबू असायचा. तीन आठवडे तिकडे, पाच दिवस घरी. पाच दिवसांतले पहिले दोन हे झोपूनच काढायचे.

बाकीच्या तीन आठवड्यांत मी काय करायची, हे आज सांगतानाही नीट आठवत नाही. पुसलेली फरशी पुन्हा पुसायची. वाळू परत यायचीच, त्यामुळे ते काम कधी संपत नसे. कधी सोमवारी लक्षात यायचं की शुक्रवारपासून आपण तोंडातून शब्द काढलेला नाही. मग उगाच काहीतरी मोठ्याने बोलून बघायची. आवाज बसलेला असायचा.

एक दिवस शेजारच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. रत्नागिरीजवळच्या एका गावच्या, पन्नाशीच्या. त्यांचे यजमान कंपनीच्या मेसमध्ये कोठी सांभाळायचे. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "अगो, तुझ्याकडचा दिवा भर दुपारी पण जळत असतो. बरी आहेस ना?"

मी "हो" म्हटलं आणि रडायलाच लागले. त्या आत आल्या, दिवा बंद केला आणि त्यांनीच चहा टाकला. त्यांना सगळे आपा म्हणायचे, मीही म्हणू लागले.

गुरुवारी ऑफिस अर्ध्या दिवसाचं असे. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता हिंदी-पाकिस्तानी कारकुनांच्या क्लबात हाउजी असायची. आपा मला तिकडे घेऊन गेल्या. मी दारातच थबकले. आमच्या घरी पैसे लावून खेळणं म्हणजे दारू पिण्याच्या रांगेतलं.

"आपा, हा जुगारच की."

"जुगारच आहे," आपा म्हणाल्या. "म्हणून मी तिकीट घेत नाही. आमच्यात चालत नाही. पण माणसांत बसायला आणि आकडे ऐकायला कुणाची बंदी आहे? तुला घ्यायचं तर घे, नाहीतर माझ्यासारखी बस."

मी घेतलं. तेव्हा कुवेतात आपलाच रुपया चालायचा आणि तिकीट आठ आण्यांना होतं. तिकिटावर तीन ओळी, पंधरा आकडे. व्यासपीठावर गोव्याकडचा एक कारकून पिशवीत हात घालून लाकडी सोंगट्या काढायचा आणि इंग्रजीत आकडा पुकारायचा. आपल्या तिकिटावर असेल तर पेन्सिलीने खोडायचा, सगळे खोडले गेले की "हाउस" म्हणून ओरडायचं. एवढाच खेळ. पण मी मराठी सातवी झालेली. "फॉर्टी सेव्हन" ऐकलं की मनात आधी सात, मग चाळीस, असं उलटं करून सत्तेचाळीस व्हायचं, तोवर पुढचे दोन आकडे निघून गेलेले असायचे. आपांना लिहितावाचता येत नव्हतं, पण आकडे पक्के. त्या शेजारून माझ्या तिकिटावर बोट ठेवायच्या आणि मी खोडायची.

त्या पहिल्याच दिवशी घरी परतताना आपा म्हणाल्या, "नीट ऐक. घरून एकाच तिकिटाचे पैसे आणायचे, बटवा आणायचा नाही. ते आठ आणे घरातून निघालीस तेव्हाच गेले असं धर. ते खुर्चीचं भाडं. मिळालं काही तर हसायचं नि घरी जायचं, परत लावायचं नाही. आणि मन फार खराब असेल ना, त्या दिवशी तिकीट घ्यायचंच नाही. नुसती बस माझ्याकडे."

असं दोन वर्षं चाललं. त्यात मी एकदा पहिली ओळ जिंकले, बक्षीस म्हणून काचेचा जग मिळाला. आकडे कानात बसले. इंग्रजी बोलायला मी हाउजीतच शिकले म्हटलं तरी चालेल, फक्त नव्वदपर्यंतच.

मग आपांच्या यजमानांना दम्याने धरलं. नोकरी सोडून दोघं गावी निघाली. शुवैखच्या बंदरावर मी पोचवायला गेले होते. आपा म्हणाल्या, "पत्र घाल. नातू वाचून दाखवील." मी घालीन म्हटलं. घातलं नाही. काय लिहायचं? फरशी पुसली, म्हणून?

शेजारच्या क्वार्टरमध्ये दोन अविवाहित इंजिनिअर राहायला आले. ते सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे आणि मला बघून मान खाली घालायचे.

त्याच सुमारास रुपया जाऊन दिनार आला. हजार फिल्सचा एक दिनार, तिकीट पन्नास फिल्सचं झालं. रुपयाचा हिशोब मला कळायचा, त्या अर्ध्या रुपयात मिरजेला काय येतं हे माहीत होतं. फिल्सना असं काही वजनच नव्हतं. पहिल्या गुरुवारी मी दोन तिकिटं घेतली. नंतर तीन. क्लबातल्या एका बाईंनी सांगितलं की सहा तिकिटांची अख्खी पट्टी मिळते आणि त्या पट्टीत एक ते नव्वद सगळे आकडे असतात.

ते ऐकून मला काय वाटलं ते सांगते. एक तिकीट असलं की चार-पाच आकडे परक्यांचे जायचे, मग एखादा माझा यायचा. मधल्या वेळात मी इकडे-तिकडे बघायची. कुणाचा नवरा बायकोच्या कानाशी लागून बोलतोय, कुणी पोराच्या तोंडात बिस्किट घालतंय. पट्टी घेतली तर पुकारलेला प्रत्येक आकडा माझा. कुणीतरी मोठ्याने काही म्हणणार आणि ते दर वेळी माझ्यासाठीच असणार. मान वर करायला वेळच उरणार नाही.

मी पट्टी घ्यायला लागले. एका संध्याकाळी चार डाव व्हायचे, चारही डावांना पट्टी. जिंकण्याची मला फारशी हाव नव्हती. डाव संपला की मान वर करावी लागायची, ते नको म्हणून पुढची पट्टी. घरखर्चाचे पैसे हे डब्यात ठेवून जायचे. ते महिना संपायच्या आत संपू लागले. यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "बसऱ्याहून येणारी भाजी फार महागलीय."

"असेल," हे म्हणाले. पुढच्या खेपेला आले तेव्हा सिगारेट सोडली होती. "खोकला होतो," म्हणाले. मला खरं कारण कळलं. तरी त्या गुरुवारी, हे परत गेल्यावर, मी क्लबात गेलेच.

असे पाच-सहा महिने गेले असतील. एका गुरुवारी मी नेहमीसारखी पट्टीवर वाकून बसले होते. तिसरा डाव होता. सहा तिकिटांवर नजर फिरवताना माझी गडबड व्हायची, तशी झाली होती. कारकुनाने "ट्वेंटी थ्री" पुकारलं. तेवीस, तेवीस. पट्टीवर असणारच, पण कुठे ते सापडेना. पुढचा आकडाही पुकारून झाला. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि पाचव्या तिकिटावर एका बोटाने तेवीस दाखवलं. नखात काळं ग्रीस होतं.

मी मागे वळून बघितलं. हे उभे होते. ड्रिलिंगचं यंत्र बिघडलं म्हणून आठवडाभर आधीच सोडलं होतं. घराला कुलूप दिसलं, इंजिनिअरांनी क्लब दाखवला. पाठीमागे किती वेळ उभे होते कोण जाणे.

मी पेन्सिल खाली ठेवली. पुढच्या रांगेतून कुणीतरी "हाउस" ओरडलं. हे म्हणाले, "चल."

घराच्या रस्त्याला लागलो. मग यांनी विचारलं, "किती तिकिटं होती ती?"

"सहा."

"दर वेळी?"

"हो. भाजी महागली नव्हती."

"ते कळलं मला."

हे रागावले असते तर बरं झालं असतं. पण तसेच चालत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "सहा कशाला?"

"एक असलं की मध्ये वेळ उरतो."

दाराशी आल्यावर, कुलपात किल्ली घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकडे आम्ही पैसे लावून रमी खेळतो. रोज. मीही सांगितलं नव्हतं तुला."

त्या पाच दिवसांत यांनी अहमदीच्याच ऑफिसातल्या जागेसाठी अर्ज लिहिला. जागा काही लगेच मिळाली नाही, वर्षाच्या वर गेलं. मी क्लबात जायचं पूर्ण सोडलं असं नाही. काही गुरुवारी एक तिकीट घ्यायची. काही गुरुवारी घरातून निघतानाच कळायचं की आज एकावर थांबणं जमणार नाही. मग चपला काढून आत बसायची. त्या संध्याकाळी फार लांब जायच्या. हे तीन आठवडे तिकडे आणि पाच दिवस घरी, ते तसंच चालू होतं. पण घरी असले की यांनी किती लावले ते हे सांगायचे, मी किती लावले ते मी सांगायची. आमच्यात मोकळं बोलणं असं तेवढंच होतं.

शेवटी जागा मिळाली. पहिल्या दिवशी हे साडेचारला ऑफिसातून घरी आले, हातपाय धुतले आणि खुर्चीत बसले. मी समोरच्या खुर्चीत बसले. यांनी पेपर उघडला, मिटला. मी दोनदा उठून स्वयंपाकघरात जाऊन आले. खरं सांगायचं तर मला वाटलं, हा माणूस आता रोज इथे असणार, मग मी माझं माझं कधी बसायचं?

जेवायला वाढताना बघितलं तर पातेल्यात भात एकाच माणसाचा होता. चार वर्षांच्या सवयीने हात तेवढ्याच तांदळावर थांबला होता. मी तो सगळा यांच्या ताटात वाढला आणि मला भूक नाही म्हणून सांगितलं. यांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग उठून फळीवरून दुसरं ताट काढलं.