लाल लुगड्याचा तुकडा

आई गेली त्या सकाळी शेजारच्या बायका तिला तयार करायला आल्या आणि त्यांनी पहिल्यांदा ट्रंकेतलं लाल लुगडं मागितलं. मी ट्रंक उघडली. त्याला आता सहा आठवडे होतील.

आमच्या सांडोर गावात रोज लुगडं नेसणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, त्यातली आई एक. लाल चौकड्यांचं लुगडं, कनवटीला किल्ली. गुडघे गेले तरी सकाळी भिंतीला टेकून अर्धा तास नेसत बसायची आणि मी वैतागायचो. गाऊन आणून दिला, त्याचं तिने पायपुसणं केलं. लहानपणी मी तिला शाळेच्या फाटकाबाहेरच थांबायला सांगायचो, लुगड्यामुळे... ती थांबायची. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ट्रंकेतलं ते तिच्या लग्नातलं लुगडं तिने शवपेटीत नेसण्यासाठी राखून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या सभागृहात मुलींचा पारंपरिक नाच ठरला. माझ्या मुलीला, रियाला, लुगडं नेसता येईना. मी आईला न विचारता तेच शिंप्याकडे नेलं, कापून, हुक लावून शिवून आणलं. टाळ्या भरपूर पडल्या. ज्यांच्या घरात एकही बाई लुगडं नेसत नाही, त्यांनी संस्कृती जपली म्हणून माझा सत्कार केला आणि मी तो करून घेतला.

आईने हुक काढून-लावून पाहिला. "बरं केलंस. आता चेनपण लाव, म्हणजे मला निघायला उशीर नको."

नवीन आणतो म्हणालो. तसं लुगडं आता कुठे मिळतं याची चौकशी करायची होती. पुढच्या रविवारी, मग ईस्टरनंतर, मग पावसाळा संपल्यावर...

बायकांनी तो हुकवाला पोशाख उलटसुलट पाहिला, माझ्या हातात परत दिला आणि आईला रोजचंच विटकं लुगडं नेसवलं. भेटायला आलेले म्हणत होते, किती छान, शेवटपर्यंत परंपरा सोडली नाही. त्यांचा राग येत होता, आणि त्यांच्यापेक्षा माझा.

शिंप्याने उरलेला तुकडा परत दिला होता. आईने त्याला टीप घालून माझा डबा बांधायचा रुमाल केला. दोन वर्षं मी तो विरारला ऑफिसात नेला. कशाचा आहे हे पाहिलंही नाही. आता डबा मीच बांधतो, गाठ तिच्यासारखी बसत नाही. जेवताना रुमाल टेबलावर सगळ्यांना दिसेल असा पसरतो. कुणी विचारलं तर आईच्या लुगड्याचा आहे म्हणून सांगायचं, असं रोज ठरवून निघतो.

अजून कुणी विचारलेलं नाही.