फरशीवरून दिसणारा दिवा

बिदरमधल्या मैलूरच्या बुद्धविहारात मूर्तीवर नवा दिवा लागणार आणि तो आपल्या लेकीने केलेला, हे माणिकरावांनी दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मैत्रेयी हैदराबादच्या एका दिव्यांच्या कंपनीचं काम बिदरला घरूनच करायची. आतले बारीक एलईडी दिसू नयेत, उजेड सारखा पसरावा, म्हणून दिव्यापुढे दुधी प्लास्टिकची शीट बसवतात. ती शीट मैत्रेयी आधी कंप्युटरवर उभी करायची. किती उजेड पसरतो, किती सरळ आरपार जातो, याचे मोजलेले आकडे घालायचे, मग समोर बघणाऱ्या माणसाचा म्हणून कंप्युटरमधलाच एक डोळा ठेवायचा आणि त्याला काय दिसतं ते बघायचं.

विहाराच्या दिव्याचं चित्र तिने वडिलांना दाखवलं होतं. मूर्तीच्या कपाळावर मऊ उजेड, दिव्यात एकही ठिपका नाही. माणिकरावांनी त्याचा फोटो काढून घेतला आणि गल्लीभर फिरवला.

पौर्णिमेच्या संध्याकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत वंदनेला बसले. गल्लीतल्या ईरण्णा वायरमनने बटन दाबलं. मैत्रेयी मागे दारात उभी होती. तिथून दिवा चित्रातल्यासारखाच दिसला. पुढच्या रांगेत मात्र चुळबुळ सुरू झाली. शेजारच्या म्हाताऱ्या इंदिराबाईंनी पदर कपाळावरून खाली ओढला.

"भगवंताकडं बगावं म्हनलं, तर बत्तीच डोळे वटारायली," त्या म्हणाल्या.

बाया हसल्या. माणिकराव हसले नाहीत. शीट उलटी बसवली का, असं त्यांनी ईरण्णाला विचारलं. खोक्यात होती तशीच बसवली, असं तो म्हणाला.

"माझ्या लेकीनं कंप्युटरवर तपासलंय ते. तूच कायतरी घोळ करायलास."

ईरण्णा पुन्हा शिडीवर चढला. सगळ्यांच्या देखत त्याने शीट काढली, उलटी केली, घामेजल्या हातांनी परत बसवली. इंदिराबाईंनी वर पाहिलं आणि पदर पुन्हा खाली ओढला.

मैत्रेयी पुढे आली आणि त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली. वर बघताच एलईडींचे ठिपके रांगेने तिच्या डोळ्यांत घुसले. आरपार येणारा तो थोडासा उजेड नेमका इथेच उतरत होता.

ऑफिसांचे दिवे करताना ती डोळा नेहमी खुर्चीच्या उंचीवर ठेवायची. इथेही तसाच ठेवला होता. या खोलीत कधी खुर्ची नव्हती. रांगायची तेव्हापासून ती याच फरशीवर बसत आली होती.

"खाली उतरा, ईरण्णा. तुमचं काय चुकलं न्हाई, माझं चुकलंय."

"कामून? तुझ्या कंप्युटरमदी दिसलं न्हाई व्हय?" माणिकरावांनी विचारलं.

"दिसलं असतं, अप्पा. आपले लोक कुठं बसतात, तेच माझ्या ध्यानात आलं न्हाई."

माणिकरावांनी उठून नवा दिवा बंद केला आणि जुनी ट्यूब लावली. ईरण्णाकडे न बघता ते जागेवर जाऊन बसले. वंदना सुरू झाली.

वंदना संपल्यावर खीर वाटायला घेतली. ईरण्णा बाहेर शिडी सायकलला बांधत होता. मैत्रेयी वाटी घेऊन त्याच्याकडे गेली. ती शाळेत जायची तेव्हापासून तो तिला पोरी म्हणायचा.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम," तो म्हणाला. "नवी शीट आली की बोलवा."

वाटी हातात घेऊन ती तिथेच उभी राहिली. आतून माणिकराव तिला खीर वाढायला बोलवत होते.